साबणदाणीचं पासिंग

मी दहा वर्षांची होईपर्यंत आम्ही चौघं मिळून कधीच कुठं गेलो नव्हतो. आप्पांकडं एक सायकल होती. पुढच्या दांडीवर एक पोर, मागच्या कॅरियरवर एक माणूस आणि मध्ये आप्पा. झाले तिघं. चौथ्यानं घर राखायचं. करमाडला आमचे चुलते राहत, तिकडं सणावाराला जायचं तर पाळी लावलेली असे. या पंचमीला मी, पुढच्या पोळ्याला धाकटा भाऊ. एसटीचं नाव काढलं की माय म्हणायची, "तेवढ्यात दोन दिवसाचं तेल येतं." पाळी बहुतेक तिचीच चुकायची आणि ती म्हणायची, "मला काय करायचंय तिथं जाऊन." ते तिचं म्हणणं खरं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

आप्पा रंगारी. मुकुंदवाडीत पत्र्याची एक खोली, तिच्या कोपऱ्यात ब्रश, डबे, पुट्टीचे पत्रे आणि टर्पेंटाईनचा वास. दिवाळीच्या तोंडावर आणि लग्नसराईआधी कामच काम, आणि पावसाळ्याचे चार महिने हाताची घडी. ओल्या भिंतीला कोण रंग लावतो? त्या चार महिन्यांत माय सिडकोतल्या एका मेसवर भाकरी थापायला जायची आणि तिथलं उरलेलं कालवण आमच्या ताटात यायचं. एकदा माझा शाळेचा निळा स्कर्ट पार विटला. आप्पा म्हणाले, "लोकाचे बंगले रंगवतो, पोरीचा स्कर्ट रंगवता येत नाय व्हय?" त्यांनी भिंतीच्या रंगात घालायची निळी बाटली बादलीत ओतली आणि स्कर्ट बुडवून काढला. रंग झकास चढला. दुसऱ्या दिवशी वर्गातला बाक निळा झाला, शेजारच्या मुलीचा फ्रॉक निळा झाला आणि बाईंच्या हातरुमालावरसुद्धा माझी छाप उठली. मी आठ दिवस शाळेत गेले नाही.

मग साबणदाणी आली.

समर्थनगरात एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा बंगला रंगवायला आप्पा गेले होते. अंगणात आंब्याखाली एक गाडी धूळ खात उभी होती. छोटी, दोन दारांची, मागचं दार झाकणासारखं वर उघडणारी. डॉक्टरांनी कधीकाळी हौसेनं घेतलेली. आराखडा इंग्लंडातला, जुळणी आपल्या देशातली, आणि बनवणाऱ्यांनी केव्हाच गाशा गुंडाळलेला. पत्र्याची नव्हे, अख्खी फायबरची. कूलरचं किंवा पाण्याच्या टाकीचं असतं ना, तसलं अंग. डॉक्टरांना तिच्या जागी गुलाब लावायचे होते. काम संपल्यावर ते आप्पांना म्हणाले, "नेता का? कागदपत्रं नावावर करून देतो. फक्त एक ध्यानात ठेवा. हिचं अंग कधी सडणार नाही, पण आतली हाडं लोखंडाची आहेत. हाडांना रंग लावत जा."

आप्पांना गाडी चालवता येत नव्हती. गल्लीतली सहा माणसं नेऊन त्यांनी ती ढकलत घरी आणली. जालना रोडनं, भर दुपारी, पुढं आप्पा स्टेअरिंगला आणि मागं वरात. गाडी इतकी हलकी की निम्म्या रस्त्यात दोघं जण नुसते हात लावून चालत होते, असं आजही सांगतात.

मायनं दारातूनच विचारलं, "हे काय आणलं?"

"गाडी."

तिनं जवळ येऊन बोटाच्या पेरानं बॉनेट वाजवलं. टक् असा आवाज यायच्या ऐवजी ठप् आला. "आहो, हे तर डब्यासारखं वाजतंय. साबणदाणी हाय का काय?"

झालं. नाव पडलं. डॉक्टरांनी बदामी रंग दिलेला होता, त्यामुळं ते नाव शोभूनही दिसलं. पुढं गाडी सुरू झाली, आप्पा शिकले, लायसन मिळालं, पण जो येईल तो आधी बॉनेट वाजवायचा आणि मग हसायचा. शेजारचे चाचा रोज सकाळी विचारायचे, "क्या मियाँ, आज साबुन पानी से निकला के नै?" एका धुळवडीला गल्लीतल्या पाच जणांनी ती उचलून समोरच्या ओट्यावर नेऊन ठेवली. आप्पा सकाळी उठले तर गाडी दोन पायऱ्या वर. ते रागावले नाहीत. शांतपणे चहा प्याले आणि म्हणाले, "ज्यांनी चढवली त्यांना आता गाडीतून चक्कर मिळणार नाय." दहा मिनिटांत गाडी खाली.

पण त्या गाडीनं एक गोष्ट केली. पहिल्याच पोळ्याला आम्ही चौघं एकत्र करमाडला गेलो. माय पुढच्या सीटवर बसली होती, पदर खोचून, आणि रस्त्यात ओळखीचं कुणी दिसतं का ते पाहत होती. ओळखीचं कुणीच दिसलं नाही, म्हणून येताना आप्पांनी मुद्दाम शहागंजातून गाडी काढली. तिथं गर्दीत अर्धा तास अडकलो. माय त्या अर्ध्या तासावर भलती खूश होती.

तेव्हापासून आमच्या घराला पत्ता मिळाला. आधी "त्या लिंबाच्या अलीकडची खोली" असं सांगावं लागायचं. आता "गाडीवाल्या आप्पांचं घर" म्हटलं की रिक्षावाला सरळ दारात. खोली जाऊन दोन खोल्या झाल्या, पत्रा जाऊन स्लॅब पडला, गल्लीत घरागणिक गाड्या आल्या, तरी गाडीवाले आप्पा म्हणजे आमचेच आप्पा. पहिली चारचाकी त्यांची. हा मान कुणी त्यांच्याकडून काढून घेतला नाही आणि त्यांनीही तो कधी सोडला नाही.

मी मात्र त्या गाडीला लाजायचे. खोटं कशाला सांगू. इंजिनिअरिंगला नंबर लागला, आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि आप्पा पहिल्या दिवशी मला साबणदाणीतून सोडायला निघाले. गेटच्या दोनशे पावलं अलीकडं मी म्हटलं, "आप्पा, इथंच थांबवा. पुढं वळायला जागा नाही." तिथं ट्रक वळला असता. आप्पांनी रस्ता बघितला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "व्हय, जागा नाय." चार वर्षं ते मला तिथंच सोडत राहिले. कधी एकदाही पुढं नेली नाही.

आता मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात पेंट शॉपला आहे. गाड्यांच्या भागांवर रंग बसतो, तो किती जाड बसला, कुठं फोड आला का, हे मी बघते. आप्पा लोकांना सांगतात, "पोरगीबी रंगाच्याच कामात हाय, फक्त तिला शिडी लागत नाय."

गेल्या वर्षी आमच्या शॉपमध्ये सोयगावकडचा एक नवा इंजिनिअर आला. त्याच्याही घरातला तो पहिलाच शिकलेला, त्यामुळं आमचं बरं जमतं. एकदा माझ्या मोबाईलवर त्यानं साबणदाणीचा फोटो पाहिला.

"मॅडम, ही कुणाची?"

"वडिलांची."

"काय सांगता! लई कूल हो!"

मला वाटलं, चेष्टा करतोय. तीस वर्षं त्या गाडीवर फक्त चेष्टाच ऐकलेली. पण पोरगा गंभीर होता. इंग्लंडात पेट्रोल महागलं तेव्हा काटकसरी लोकांसाठी अशा छोट्या गाड्या निघाल्या, तिथंही लोक त्यांना हसले, आणि आता तिथले शौकीन त्या जपून ठेवतात, रविवारी काढतात, फोटो टाकतात, असं त्यानं मला ऐकवलं. मी म्हटलं, "हसून झालं की जपतात, असं का?" तो म्हणाला, "तेच तर कूल असतं मॅडम."

पुढच्या रविवारी तो गाडी बघायला घरी आला. येताच त्यानं बॉनेट वाजवलं. मग आत डोकावला, मागचं झाकण चार वेळा उघडलं, मिटलं. मायनं केलेली शेंगदाण्याची आमटी भुरकत तो आप्पांना म्हणाला, "आप्पा, तुमची गाडी एकदम कूल आहे."

"म्हंजे थंड? मे महिन्यात बसून बघ एकदा, पाठीची साल निघंल."

"तसं नाही आप्पा. कूल म्हणजे रुबाबदार. पण कसं, मुद्दाम न करता. आपल्याला काही पडलेलीच नाही, तरी रुबाब दिसतो, तसं."

आप्पांनी विचार केला. "मग आपली नाय बसत त्यात."

"का?"

"मी रुबाब मुद्दाम केला हाय. रोज सकाळी पुसतो. पडलेली नाय कशी? लई पडलेली हाय."

माय आतून म्हणाली, "माझ्या लुगड्याची फडकी करून पुसलीय, त्याला विचार."

त्या पोरानं हार मानली नाही. शहरात जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा एक गट आहे, त्यांच्यातले दोघं त्यानं पुढच्या रविवारी आणले. दोघांच्या डोक्यावर टोप्या, डोळ्यांवर काळे चष्मे. एकानं गाडीभोवती फेरी मारली आणि हळहळून म्हणाला, "काका, ही व्हिंटेज नाही हो. ही नुसती जुनी."

दुसऱ्यानं ठप् करून वाजवली. "फायबर आहे. अस्सल गाडीला अस्सल पत्रा पाहिजे."

"पत्रा आमच्या घराला व्हता," आप्पा म्हणाले. "गळायचा."

पहिला हसला, पण चांगल्या मनानं. "कागद चालू असतील तर आमच्या रॅलीत आणा. सगळ्यात शेवटी उभी करू. लोकांना गंमत."

"गाडी गमतीला नाय घेतली," आप्पा म्हणाले. ते एवढंच बोलले, पण चहाचा कप त्यांनी जरा जोरातच बशीत ठेवला.

पाहुणे गेले. कागद चालू असतील तर, हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. मी कपाटातून आरसी काढली. मुदत संपायला तीन आठवडे उरले होते. एवढ्या जुन्या गाडीचं दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं. पासिंग नाही झालं तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि आता तर अशा गाड्या सरळ भंगारात काढायच्या गोष्टी चाललेल्या. आप्पांना वाटत होतं की अजून वर्ष आहे. कागदावरचा आकडा त्यांनी वाचला होता, पण चष्मा न लावता.

मी अर्ज भरला, तारीख मिळाली. गुरुवारी आप्पांनी पांढरा सदरा घातला आणि आम्ही साबणदाणी घेऊन आरटीओच्या मैदानात उभे राहिलो. ब्रेक झाले, दिवे झाले, हॉर्न झाला. हॉर्न तर इतका खणखणीत वाजला की पुढचा ट्रकवाला दचकून बाजूला झाला. इन्स्पेक्टर साहेब तरुण होते, बोलायला साधे. म्हणाले, "आता चेसीस नंबर दाखवा."

आप्पांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चकचकीत पुसलेली अॅल्युमिनियमची एक पट्टी काढून साहेबांच्या हातावर ठेवली. "हा घ्या नंबर."

साहेब पट्टीकडं बघत राहिले. "ही गाडीवर पाहिजे ना काका. खिशात कशी?"

"गाडीवरच व्हती. रिबिटं गेली तिची. हरवायला नको म्हणून देवघरात ठेवतो. मागच्या बारीला हिच्यावरच काम झालं."

"मागच्या वेळी ती गाडीला बसवलेली होती. सुटी पट्टी कुठल्याही गाडीला लावता येईल. मला खालच्या लोखंडावर कोरलेला नंबर पाहिजे. पुढच्या चाकाच्या वर, उजवीकडं, दांड्यावर असतो. त्याचा पेन्सिलनं ठसा घेतो आम्ही."

साहेब स्वतः खाली वाकले. बॅटरी मारली. दांडा होता, नंबर नव्हता. दांड्यावर गुळगुळीत, चमकदार, देखणा केशरी रंग होता.

"हा रंग कुणी दिला?"

"म्या," आप्पा छाती काढून म्हणाले. "दर खंडेनवमीला देतो. ब्रशाची पूजा, शिडीची पूजा, आन् हिच्या हाडाला एक हात. एक वरीस चुकवलं नाय."

डॉक्टरांचा शब्द आप्पांनी तंतोतंत पाळला होता. हाडांना रंग लावत जा. लावत गेले. जवळजवळ तीस वर्षं, दरवर्षी एक हात, आणि नंबर त्याच्याखाली गाडला गेला. दुसरा कुणी असता तर त्यानं कंटाळा केला असता आणि नंबर वर राहिला असता. गाडीची काळजी घेतल्यामुळं गाडी अडकली होती.

साहेबांनी वही मिटली. "पुढच्या गुरुवारी या. नंबर दिसला तर बघू. पण एक सांगतो, ग्राइंडर लावू नका, छिन्नी लावू नका. नंबराजवळ एक जरी ओरखडा दिसला तर खाडाखोड केली असं धरावं लागेल आणि मग मी काहीच करू शकणार नाही."

 येताना क्रांती चौकाच्या सिग्नलला आप्पा म्हणाले, "नाय झालं तर?"

"तर भंगारात द्यावी लागेल."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. आप्पांनी गिअर टाकला. "मग मला लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "काय म्हणणार? माझी गाडी आहे की दारात. तुमचीच आहे ती."

"ती तुझी हाय," ते म्हणाले. "तिच्यावर मला गाडीवाला कोण म्हणंल?"

शनिवारी मी कारखान्यातून रंगाची जाडी मोजायचं मीटर परवानगी घेऊन आणलं. दांड्यावर टेकवलं तर त्यानं आकडाच दाखवला नाही. एवढी जाडी त्याच्या हिशोबात बसत नव्हती. मग रंग काढायचं रसायन आणलं, हातमोजे घातले आणि गाडीखाली सतरंजी अंथरून झोपले. आप्पा बाजूला स्टूल टाकून बसले. मी रसायनाचा पहिला थर लावला, दहा मिनिटं थांबले, प्लास्टिकच्या पट्टीनं ओढलं. काही नाही. दुसरा थर लावला. पुन्हा काही नाही.

आप्पांच्या तोंडावर हसू फुटलं. "निघतोय का?"

"नाही."

"निघणारच नाय! आप्पाचा रंग हाय. घासून, पुसून, सुकवून दिलेला." मग त्यांना आठवलं की रंग निघाला नाही तर गाडी जाणार, आणि हसू मावळलं. दोन मिनिटांनी पुन्हा हळूच म्हणाले, "पण कसा बसलाय, बघितलंस ना?"

"आप्पा, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

माय म्हणाली, "ते रंगाच्या बाजूनं हायेत. जलमभर."

शेवटी आप्पांनीच युक्ती सांगितली. जुनं दार खरवडताना ते काय करायचे? रसायन लावायचं, वरून ओलं पोतं दाबून ठेवायचं, म्हणजे ते उडून जात नाही, आत मुरतं. तसं केलं. तासाभरानं पोतं काढलं आणि मायचं लाकडी उलथनं हळूच घातलं, तर केशरी रंग पापुद्र्यासारखा सुटून आला. खाली राखाडी.

"हा कूलरवाल्याच्या दुकानाचा," आप्पा म्हणाले.

आप्पा कधी रंग विकत घेत नसत. त्या साली जिथं काम केलं तिथला डब्याच्या तळाला उरलेला रंग दांड्याला. केशरी होता तो गल्लीतल्या मंडपाच्या कमानीचा. राखाडीखाली पोपटी निघाला, शहागंजातल्या अत्तरवाल्याच्या दाराचा. त्याखालचे सात-आठ थर एकदम सुटले, मग गुलाबी.

"हा मंगल कार्यालयाचा. तिथं तुला दाखवायला नेणार व्हतो एका पोराला, तू आलीच नाय."

"कारखान्यात ऑडिट होतं."

"ऑडिट संपल्यावरबी आली नाय."

शनिवार गेला, रविवार आला. सोयगावचा पोरगाही मदतीला आला आणि दर थराला मोबाईलवर फोटो काढत बसला. आकाशी निघाला, करमाडच्या शाळेचा. पिस्ता निघाला, दवाखान्याचा. पांढरा निघाला तेव्हा आप्पा ओशाळून म्हणाले, "हा आपल्याच घराचा. स्लॅब पडला त्या साली." एका थराला रंगच नव्हता, नुसता तांबडा ऑक्साईड, आणि ब्रशाचे फराटे उलट्या अंगाला गेलेले. मी विचारलं, हे काय? आप्पांनी रसायनाच्या डब्याचं झाकण लावलं. माय म्हणाली, "बांबूची परांची तुटून पडले नव्हते का? उजवा हात गळ्यात व्हता. डाव्यानं दिलाय." ते साल माझ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं. मला तेव्हा सांगितलं होतं की हात थोडा मुरगळलाय. त्या महिन्यातही गाडी मला गेटच्या दोनशे पावलं अलीकडं रोज सोडत होती, म्हणजे गिअर आणि स्टेअरिंग दोन्ही एकाच हातानं सांभाळत होते हे मी बघितलंच असणार, आणि तरी मला आठवत नाही. मी गाडीखाली पडून होते, म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही हे बरं झालं.

त्याखाली आणखी आठ-नऊ थर. मग काळा. कंपनीचा.

"थांब," आप्पा म्हणाले. "आता उलथनं ठेव."

ते सत्तरीचे. गुडघे धरून स्वतः सतरंजीवर आडवे झाले आणि सरकत आत आले. आम्ही दोघं गाडीच्या पोटाखाली खांद्याला खांदा लावून पडलो. त्यांनी चिंधीनं दांडा पुसला, खडूची पूड बोटावर घेतली आणि अलगद चोळली. पाटीवर अक्षरं उठवायची जुनी रीत. वरची पूड पुसली तसे खाचेत अडकलेले पांढरे आकडे एकेक करून दिसायला लागले. आप्पांनी खिशातली पट्टी काढून माझ्या हातात दिली. "तू वाच. मी बघतो." मी एकेक आकडा वाचत गेले, ते बोट ठेवत गेले. शेवटच्या आकड्याला ते म्हणाले, "हाय. तोच हाय." बाहेरून माय ओरडली, "मिळाला का नाय? का झोपले तिथंच दोघं?"

गुरुवारी आमचा नंबर यायला दोन तास लागले. रांगेत सोयगावच्या पोराचा मेसेज आला. त्यानं ते सगळे थर एकाखाली एक लावून फोटो केला होता आणि खाली लिहिलं होतं, आता तरी कूल म्हणा मॅडम. मी त्यावर बराच विचार केला, कारण रांगेत दुसरं काम नव्हतं. मला वाटतं आप्पांचं बरोबर आहे. कूल व्हायला थोडी बेफिकिरी लागते. गाडी बंद पडली तरी चालेल, दुसरी आहे, अशी. इंग्लंडातले जे पहिले लोक पेट्रोल वाचावं म्हणून ही गाडी घ्यायला गेले असतील त्यांनाही ती बेफिकिरी परवडत नसणार. त्यांच्याही बायकांनी बॉनेट वाजवून विचारलं असेल, हे काय आणलं. आता तिच्यावर हौस करणारे करोत. चष्मेवाले काही वाईट नव्हते. पण आमच्या गाडीला कूल म्हणायला मी तयार नाही. तिच्यावर दरवर्षी एक हात रंग पडलाय. ज्या वस्तूसाठी माणूस एवढा जीव टाकतो, ती कूल कशी असेल? ती रुबाबदार आहे. मुद्दाम, ठरवून, लुगड्याच्या फडक्यानं पुसून. मी त्याला एवढंच लिहिलं, "नाही. पण फोटो आप्पांना पाठव."

साहेब आले. खाली वाकले, बॅटरी मारली आणि तसेच थांबले. नंबराच्या चौकोनाच्या कडेनं सगळे थर एकाआत एक उघडे पडले होते, केशरी, राखाडी, पोपटी, गुलाबी.

"काका, हे किती हात आहेत?"

"मोजले नाय साहेब."

साहेबांनी कागद लावला, पेन्सिल आडवी धरून घासली. ठसा उठला. तो त्यांनी आरसीशी ताडून पाहिला, मग कडेनं बोट फिरवून ओरखडे आहेत का ते पाहिलं. एकही नव्हता. उठता उठता त्यांनी बॉनेट वाजवलं. ठप्.

"फायबर?"

"व्हय."

"पुढच्या खंडेनवमीला नंबरावर तेवढा चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि मग रंग द्या."

"पट्टीवर वरून देऊ का रंग?"

"काका, काढा नंतर ती पट्टी."

साहेबांनी सही केली. मी खिडकीवर जाऊन उरलेले कागद दिले आणि पावती घेतली. आप्पांनी गाडी मैदानाच्या बाहेर काढली आणि माझी वाट बघत फाटकाच्या अगदी तोंडाशी उभी केली.

आप्पांच्या गाडीचं पासिंग झालं, पुढच्या पाच वर्षांसाठी, त्यांच्या नावावर.